धुण्याचा दगड

दुबलगुंडीजवळच्या जुन्या बारवेतला गाळ उपसायला आम्ही आठ-दहा जण दर रविवारी जायचो. बारवेवरचा शिलालेख मात्र कुठं सापडेना. वरच्या हौदाशी धुणं धुणारी एक म्हातारी आमची धडपड दर खेपेला गमतीनं बघायची. मी मास्तर, म्हणून तीही मला सर म्हणायची.

एकदा तिनं विचारलं, "काय हुडकायलाव सर?"

"अक्षरं कोरलेला दगड."

तिनं समोरची ओली चादर उचलली. "ह्यो तर न्हाई? अक्षरं हायती म्हणून मळ लई चांगला निघतो बगा."

तोच होता! पण तिचा धुण्याचा दगड मागायचा कसा? मी घुटमळलो. तिनंच दोन तांबे पाणी ओतून दगडावरचा साबण धुतला.

"न्या. मला दुसरा खरबरीत आणून द्या. पर लिवलंय काय त्येच्यावर?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. ती जुनी लिपी कुणालाच येत नव्हती. मी तसं सांगितलं.

ती खुदकन हसली. "म्हंजे सर, तुमचा न् माझा वर्ग एकच की!"

आणि पायरीवर सरकून तिनं मला जागा दिली. मी निमूट बसलो.