हनुवटीवरचे तीन ठिपके

आष्ट्याच्या स्टुडिओवाल्यानं फ्रेमवरचा कागद सोडवला आणि फोटो माझ्यापुढं धरला. फोटोत एक बाई होती. गोरीपान, गुळगुळीत, अंगावर हिरवा शालू, गळ्यात मोहनमाळ. नाक माझ्या बायकोचं होतं, डोळेही तिचेच असावेत. तरी मी फ्रेमला हात लावला नाही.

"कोण ही?"

"आवं आजोबा, आज्जीच की! तुमच्या नातवानं मोबाइलवरनं पाठवला न्हवं का? साडी जुनी दिसत हुती, बदलली. हनुवटीवर डाग हुतं, ते बी घालवलं. बघा, कसा चेहरा निघालाय."

"डाग न्हवं ते. गोंदण हाय."

"मग टाकतो की परत. त्यात काय!"

त्यानं कॉम्प्युटरवर तीन ठिपके टाकले. एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारखे सरळ.

तिचे तसे नव्हते. ती लहान असताना तिच्या माहेरी गोंदणारी आली होती. दोन ठिपके तिनं सोसले, तिसऱ्याला मान हिसडली, आणि तो ठिपका डावीकडं सरकला तो कायमचा. मी फौजेतला माणूस. सुट्टीवर आलो की म्हणायचो, "तुझा तिसरा गडी रांग सोडून चाललाय बघ." ती म्हणायची, "तुमच्याच वळणावर गेलाय. सांगितलेलं ऐकंना."

आता हे स्टुडिओवाल्याला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी तेरावा होता, पाव्हणे यायचे होते. फ्रेम तशीच घरी आणली. सुनेनं काचेवर कपाळाच्या जागी कुंकू लावलं आणि हार घातला. नवऱ्याच्या आधी अहेव गेलेल्या बाईच्या फोटोला आमच्याकडं असं काचेवरून कुंकू लावतात. आलेल्या बायका म्हणाल्या, "काय देखणा फोटो हाय!"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तुम्हाला फोटोतलं काय कळतंय, असं घरात मला म्हणतात. पण माणूस ऐंशीला आला म्हणजे फोटोच्या तऱ्हा आलेल्या आणि गेलेल्या त्यानं बघितलेल्या असतात. त्याला शाळा लागत नाही. लग्नानंतर आम्ही दोघं कराडला फोटो काढायला गेलो, तेव्हा मागं रंगवलेला पडदा होता. पडद्यावर तळं, तळ्यात राजहंस. तिला खुर्चीत बसवलं, मला वर्दीत शेजारी उभं केलं. फोटोवाला काळ्या कापडाखाली गेला आणि म्हणाला, हलू नका. आम्ही श्वाससुद्धा घेतला नाही. पुढं रंगीत फोटो आले, पडदे गेले. मग माझ्या भाच्याच्या लग्नात आणखी नवीन निघालं. नवरी कमळात बसलेली, नवरा ढगात, आणि मध्ये मोठा बदाम. तेव्हा सगळ्या गल्लीनं तो अल्बम मागून नेऊन बघितला. आज भाच्याची पोरं तो उघडून हसून लोळतात आणि भाचा तो कपाटावर लपवून ठेवतो. ह्या सगळ्याच तऱ्हा निघाल्या तेव्हा लोक म्हणत होते, आता ह्याच्यापुढं काही नाही.

हल्लीचं तर विचारूच नका. नात सांगते, पोरंपोरी आता मुद्दाम जुन्या रोलसारखे दाणेदार, पिवळट फोटो काढतात. म्हणजे नव्या फोटोला म्हातारं करायचं आणि म्हातारीला तरणी करायची.

कराडचा तो फोटो आता असून नसल्यासारखा आहे. महापुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो भिंतीवर होता. पाणी उतरल्यावर काढून बघितला, तर खुर्ची होती, राजहंस होता, माझे बूट होते. माणसं धुऊन गेली होती. ती म्हणाली, "जाऊ द्या. आपुन हाय की." तेव्हा होतो.

मग उरले मोबाइलमधले फोटो. नातवाचा फोन असा, की समोर येईल त्याचं तोंड तो आपोआप उजळून काढतो. त्यातल्या एकाही फोटोत तिला सुरकुती नाही, आणि गोंदण दिसलंच तर पुसट डागासारखं. तरी मी मनाशी म्हणायचो, भिंतीवर असू दे कसली पण बाई. खरा चेहरा माझ्या डोक्यात आहे, तो कोण पुसतंय?

दिवाळीच्या आसपास एका सकाळी चहा पीत बसलो होतो. तिची आठवण काढली, आणि डोळ्यांपुढं आली ती शालूवाली. सरळ ठिपक्यांची. कप खाली ठेवला, डोळे चोळले, परत आठवून बघितलं. परत तीच. उठता-बसता ती भिंत बघून बघून माझ्या आतली खरी बाई पुसत चालली होती. लय भ्यालो. सीमेवर ड्युटीला होतो तेव्हा इतका भ्यालो नव्हतो. तसाच उठलो, फ्रेम उतरवली आणि तोंड भिंतीकडं करून ठेवली.

सून बाहेर आली. "आवं मामंजी, असा ठेवत्यात व्हय फोटो? लोकं काय म्हंतील?"

"दुसरा आणीन तवा लावू."

"दुसरा आणणार कुठनं?"

फ्रेम मी काही परत लावू दिली नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं. नातू मनानं चांगला आहे, साखर कारखान्यात नोकरीला आहे. एका संध्याकाळी त्यानं सगळ्यांना सोप्यात टीव्हीपुढं बसवलं. शेजारच्या दोघी-तिघी बायकाही आल्या. तो मला म्हणाला, "आजोबा, आता सगळीकडं हेच चाललंय. फोटो द्यायचा, माणूस जित्ता हुतोय."

टीव्हीवर शालूवाली आली. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या. मग हसली. पांढरेशुभ्र दात. माझ्या बायकोचे दात मिश्रीनं काळे झालेले होते. मग त्या बाईनं हात वर केला आणि आमच्याकडं बघून हलवला. सुनेनं पदर डोळ्याला लावला. शेजारणी म्हणाल्या, "आगं बया, किती खरी दिसत्या!"

माझ्या बायकोनं जन्मात कुणाला असा हात हलवला नाही. माझी सुट्टी संपली की ती एसटीपाशी यायची, पिशवी हातात द्यायची आणि गाडी हलायच्या आधी पाठ फिरवून चालायला लागायची. मागं वळून बघायची नाही. त्या पाठीकडं बघत मी इतकी वर्षं फौजेत परत गेलो.

"बंद कर," मी म्हणालो.

"आवडलं न्हाई व्हय, आजोबा?"

"तुझी आज्जी हाय ती? माझ्याकडं बघून सांग."

त्यानं टीव्ही बंद केला. त्याचं तोंड उतरलं, पण मी काही समजूत काढायला गेलो नाही.

नात माहेरी आलेली होती. तिची छोटी पोरगी बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडं बोट करून "आज्जी, आज्जी" करायला लागली. पणजी गेली तेव्हा ती पाळण्यात होती. पणजी म्हणून तिला जे काय कळणार, ते आम्ही दाखवू तेवढंच. नातीनं पोरीचं बोट हळूच खाली घेतलं आणि मला म्हणाली, "आजोबा, माझ्या हळदीला तुमी ज्याच्याशी भांडला हुता, त्यो फोटोवाला सांगलीतच हाय. त्याच्याकडं आज्जीचं काहीतरी ऱ्हायलं असंल."

भांडलो होतो, खरं आहे. आजही भांडेन. हळदीचा दिवस. मांडवात बायका जात्यावर हळद दळत होत्या, आणि हा दाढीवाला गडी कॅमेरा घेऊन खांबाआडून, पाठीमागून चोरट्यासारखा फोटो काढत फिरत होता. कुणाला उभं राहा म्हणत नव्हता, इकडं बघा म्हणत नव्हता. मी बोट उगारून त्याला म्हणालो, "आरं, बघायला सांग की माणसांला! आमी काय ढोरं हाय, चरताना फोटो काढायला?"

तो म्हणाला, "आजोबा, ह्याला कॅन्डिड म्हंत्यात. कॅमेऱ्यात बघितलं की माणूस खोटा दिसतोय."

"मंजी आमी जन्मभर ताठ उभा ऱ्हायलो ते खोटं व्हय रं?"

तेवढ्यात जात्यावरनं आमची मंडळी ओरडली, "आवं, काढू द्या की त्याला त्याचं! तुमची परेड मागनं घ्या!"

सगळ्या बायका हसल्या. मी तणतणत मांडवाबाहेर गेलो.

नातीबरोबर सांगलीला गेलो. त्याचं ऑफिस एका जिन्यावर होतं. भिंतीवर मोठमोठे फोटो. पाचगणीच्या टेबललँडवर ढगाळ आभाळ, आणि कोपऱ्यात मुंगीएवढी नवरानवरी. सगळं तपकिरी, चहा सांडल्यासारखं. त्यानं मला लगेच ओळखलं.

"या, परेडवालं आजोबा!"

मी भिंतीकडं बघून म्हणालो, "ही तऱ्हा बी जाणार बघ."

"जाईल की. आजोबा, दर साली लोकं नवीनच मागत्यात. माझं पोट भरंपतुर टिकली म्हंजे झालं."

त्याचं हे बोलणं मला पटलं, पण तसं मी दाखवलं नाही. नातीनं कशाला आलो ते सांगितलं. तो जरा गंभीर झाला. अल्बमातले फोटो सगळे रंग चढवून, तोंडं उजळून केलेले होते. पण अल्बमात न घेतलेले त्यानं तसेच ठेवले होते, आले तसे, बोट न लावलेले. एकेक फोटो तो पुढं सरकवत गेला. मांडव, पोरं, पातेली, कुणाच्या तरी पाठी.

आणि ती आली.

जात्याच्या खुंट्यावर हात. पदर घसरलेला, कपाळावर घाम, कुंकू रुपयाएवढं. तोंड एका बाजूला वळवलेलं आणि उघडं, आतले काळे दात दिसतायत. हनुवटीवर ऊन पडलेलं, आणि उन्हात तीन ठिपके. तिसरा रांग सोडून.

फोटोच्या कडेला एक हात होता, बोट उगारलेला. मनगटावर माझं घड्याळ.

म्हणजे ती मलाच बोलत होती. शब्द कुठला, 'काढू द्या' का 'परेड', एवढंच ठरवता येईना.

"अल्बमात का न्हाई घेतला ह्यो?" मी विचारलं.

"आजोबा, तोंड उघडं हाय. आन् कडंला कुणाचा तरी हात मधी आलाय. थांबा, हात आत्ता घालवतो." त्यानं माउस धरला.

मी त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. त्यो माझा हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग फोटोकडं. माउस सोडला. पूर आल्यापासून आमचा दोघांचा एकत्र असा खरा फोटो कुठंच उरला नव्हता, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. नातीनं तोंड फिरवलं होतं.

"कशालाच हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "हाय तसा मोठा करून दे." आणि निघताना जिन्यावरनं त्याला सांगितलं, "तरी पण माणसांला बघायला सांगत जा."

"व्हय आजोबा," तो हसला. ऐकणार नव्हता. मीही त्याचं ऐकलेलं नाही.

घरी फ्रेम आणली तर सून दारातच अडली. "मामंजी, वर्षश्राद्धाला असला फोटो? बोलताना?"

"ती गप कवा बसली हुती?"

आमच्या सोप्यात पुराच्या पाण्याची खूण अजून दिसते, दोनदा रंग देऊनसुद्धा वर येते. त्या खुणेच्या वर, हात पुरेल तितकं वर मी खिळा ठोकायला लावला. हाही फोटो किती टिकेल कुणास ठाऊक. नातीनं फोनमध्ये ठेवलाय म्हणे, पण फोन तरी किती टिकतो? नातवानं स्टुलावर चढून फ्रेम लावली. त्याच्याशी मी त्या संध्याकाळपासून नीट बोललो नव्हतो. "जरा डावीकडं," मी म्हणालो. त्यानं डावीकडं केली.

सून बोटावर कुंकू घेऊन स्टुलावर चढली आणि थांबली. "तोंड तर वळलंय. कुंकू लावू कुठं?"

"तिनं लावलंय की. बघ."

तिनं काचेजवळ तोंड नेऊन बघितलं. मग बोटावरचं कुंकू आपल्या कपाळाला लावून ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी भिंतीकडं पाठ करून बसलो. डोळे मिटले. भीती वाटत होती, तरी मिटले.

आली. रागावलेली होती.