काळीज फडफडलं तेव्हा तिने मला सांगितलं नाही

मैत्रिणींनो, आज दुपारी मला एका अनोळखी बाईचा हेवा वाटला. अजून वाटतोय.

माझी लेक ऋचा उझबेकिस्तानात, समरकंदला एमबीबीएस करते. आज तिची तोंडी परीक्षा होती. गंगापूर रोडच्या ऑफिसात डबा बाजूला ठेवून मी व्हिडिओ कॉल लावला.

"टेन्शन आलंय का गं?"

"नाही आई, मस्त आहे सगळं."

तेवढ्यात तिची घरमालकीण झुल्फिया चहा घेऊन आली. ऋचा तिला म्हणाली, "युरागिम हाप्रिक्यापती." झुल्फियाने चहा खाली ठेवून तिला जवळ घेतलं.

"काय म्हणालीस तिला?"

"काळीज फडफडतंय. इथे असं म्हणतात, आनंद असो की धाकधूक."

"मग मला मस्त आहे असं का सांगितलंस?"

"आई, तुला सांगितलं की तू रडतेस. मग अभ्यास सोडून मी तुझीच समजूत काढत बसते."

राग मात्र मला झुल्फियाचा आला. बारावीपर्यंत प्रत्येक परीक्षेआधी ऋचाचे गार पडलेले हात मी चोळलेत.

हसून "जा, नीट दे" म्हटलं, आणि कॉल बंद झाल्यावर ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले.

संध्याकाळी ऋचाचा फोन आला, पास झाली. मी म्हटलं, "झुल्फियाला माझे आभार सांग."

तुमची मुलं त्यांची भीती तुम्हाला सांगतात का? सांगत असतील, तर तेव्हा तुम्ही न रडता कसं ऐकता? मला खरंच शिकायचंय.