डब्याला तीट

गिरणीत मागाखाली कापसाचे पुंजके साचतात. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा तेवढेच. किश्शांचंही तसंच. पोरं म्हणतात, "आप्पा, किती सांगाल!" आता मी काय करू? मी झाडतोच आहे, ते साचतायत!

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, यावर अजून एकमत नाही. पण सोलापूरच्या कापडगिरणीत जॉबर झालो, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम. सन तीसच्या आगेमागे आमच्या खात्याचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा सामान हलकं करता करता एक काळा डबा त्यानं माझ्या हातात ठेवला. पुढे काचेचा डोळा, बाजूला खटका. पोटाशी धरायचा, वरून वाकून बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा.

कॅमेरा! आमच्या चाळीत कुणाकडे सायकल नव्हती, आणि माझ्याकडे कॅमेरा! मी इतकी छाती काढून चालायला लागलो की पाठ धरली.

* * *

डब्याला ऊन लागायचं. त्याची सोलापुरात कधी ददात नव्हती.

मला घरातलं रोजचं चित्र हवं होतं. पोरं अंगणात खेळतायत, भांडतायत, नाक पुसतायत, असं. गिरणीच्या सुट्टीला डबा घेऊन बाहेर आलो तर काय! थोरली गोदी जरीच्या परकरात ताठ उभी. धाकटा बाळ्या टोपी घालून तिच्या शेजारी. जसं काय कलेक्टरसाहेब तपासणीला येणार!

मी ओरडलो, "अरे, नेहमीसारखं बसा!"

दोघं आणखी ताठ झाली. दारातून कुटुंब म्हणालं, "नेमीसारखं म्हंजे कसं वो? ह्या वक्ताला नेमी तुमी घरात असता का?"

* * *

पुढे पोरांना डब्याची सवय झाली. एकदा कुटुंब अंगणातल्या दगडावर बाळ्याला आंघोळ घालत होतं. डोळ्यात शिकेकाई गेलेली, बाळ्याचा जबडा सताड उघडा, आईची मूठ त्याच्या शेंडीत. मी दाबला खटका!

रोल धुवायला नव्या पेठेत करीमभाईच्या स्टुडिओत नेला. करीमभाई मनुष्य सज्जन. पण त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक खुर्चीवर हात ठेवून, श्वास कोंडून बसणारं. तो फोटो त्यानं बराच वेळ बघितला. मग दबक्या आवाजात मला विचारलं, "मियाँ, ये बच्चे को नहला रहे की कूट रहे?"

* * *

बाळ्याला एरंडेल पाजणं म्हणजे बैलाला जिना चढवणं. मी युक्ती काढली. डबा पोटाशी धरला आणि म्हणालो, "बाळ्या, मोठ्ठा आ कर. दाताचा फोटो काढतो." त्यानं आ केला. कुटुंबानं वाटी उपडी केली.

मग पठ्ठ्या रोज विचारायला लागला, "आप्पा, माझ्या दाताचा फोटो कुटं हाय?" डब्यात रोलच नव्हता, फोटो कुठून येणार! शेवटी गोदीनं त्याला खरं सांगितलं. बहीण कसली, फितूर!

पुन्हा एरंडेलाची वेळ आली. मी डबा काढला. बाळ्या हाताची घडी घालून म्हणाला, "आदी रोल दाकवा!"

* * *

आता एक गोष्ट मधेच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गोदीच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. नुकता चालायला लागला होता, तापात गेला. त्याचा फोटो नव्हता. तेव्हा गरिबाच्या पोराचा फोटो कोण काढणार? हळूहळू मला त्याचं नाक आठवेना. मग हसणं आठवेना. म्हणून मला डबा हवा होता.

आणि कुटुंबाला नेमका म्हणूनच नको होता. "हसत्या-खेळत्या पोरावर काचेचा डोळा रोकायचा, आन् वर म्हणायचं हलू नगा! दिष्ट लागंल न्हाय तर काय!"

मी हसण्यावारी न्यायचो. ती नेत नव्हती. मी डबा काढला की ती काजळाची डबी काढायची. आधी पोरांच्या गालावर तीट बारीक असायची. मग चिंचोक्याएवढी झाली. बाळ्या तर एका फोटोत कोळसे विकून आल्यासारखा दिसतो.

एकदा तिनं पोरांना तीट लावलीच नाही. मला वाटलं, चला, भीती मोडली! खुशीत सगळा रोल काढला आणि करीमभाईकडे दिला. आणायला गेलो तर प्रत्येक फोटो अंधुक. घर अंधुक, पोरं अंधुक, शेळी अंधुक. करीमभाई चष्मा पुसत म्हणाला, "मियाँ, सोलापूर में कोहरा कबसे पड़ने लगा?"

घरी येऊन डबा उलटा केला. काचेच्या डोळ्यावर बरोब्बर मधोमध काजळाचं बोट!

मी कपाळावर हात मारला. कुटुंब शांतपणे शेंगा सोलत म्हणालं, "दिष्ट त्याची लागती, तर तीट त्यालाच लावाय पायजे की!"

  

* * *

मी नेहमी नळाच्या दगडावर उभा राहायचो आणि पोरं पायरीवर. जागा ठरलेली. वरून वाकून नीट बघायचा माझा कंटाळा. काही वर्षांनी करीमभाईनं फोटो हातात दिला, तर त्यात बाळ्या सगळा आणि गोदी गळ्यापर्यंतच. डोकं गायब!

मी म्हटलं, "डबा बिघडला."

कुटुंब फोटो बघून म्हणालं, "डबा न्हाय बिघडला. पोर उंच झाली. डब्याला कळलं, तुमालाच कळंना." त्या दिवशी मी कुणाची थट्टा केली नाही. पुढच्या वैशाखात गोदी होटगीला सासरी गेली.

* * *

त्यानंतर मला विषमज्वर झाला. गिरणीतली मंडळी दारातूनच बघून जायची, आणि बाहेर पडताना बांबूचा भाव विचारायची! पण मी उठलो. उठून पहिल्यांदा पायरीवर उन्हात बसलो, तेव्हा अंगावर मिशाच काय त्या शिल्लक होत्या.

कुटुंब आतून डबा घेऊन आलं. म्हटलं, आता फेकतंय वाटतं नळावर. तर ती नळाच्या दगडावर उभी राहिली, डबा पोटाशी धरला.

"हलू नगा."

"अगं, हे काय? रोल तरी आहे का त्यात?"

"हाय. बाळ्यानं बगून सांगितलंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "येवढं फोटू काढलं. पोरं हायती, शेळी हाय, घागर हाय. तुमी एकातबी न्हाय. ताप हुता तवा मी पेटी उपसून बगितली."

 ती वाकून डब्यात बघत राहिली. मग खटका न दाबताच डबा खाली ठेवला, आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. भर दुपार. सगळी चाळ गॅलरीत. आणि हिनं जॉबरच्या गालावर, मिशीच्या वर, हे एवढं बोट टेकवलं!

"अगं, लोकं बघतायत!"

"बगू द्या की. त्यापायीच लावती."

फोटो तिरका आलाय. चाळ पडतेय असं वाटतं, पण मी आहे.

ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. फोटो अजून भिंतीवर आहे. परवा बाळ्याची नवी सून तो पुसत होती. म्हणाली, "आजोबा, तुमच्या गालावर तीळ होता?"

म्हटलं, "होता की. एकच दिवस!"