अनुसूयाबाईचा गिलास

अनुसूयाबाईला कोणता आजार आहे, ते इथे लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. तेवढ्यासाठीच तर बाई भांडली.

कुरुंद्यात हळद काढायला बायकांची टोळी न्यायची, तर पुढे अनुसूयाबाईच लागायची. तोंडाची फटकळ, पण तिच्या शब्दावर बायका वावरात उतरायच्या. तोच तिचा मान होता.

गावाची एक रीत होती. वसमतच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं आणि रिपोर्टसाठी नंबर मात्र विश्वंभरचा द्यायचा, कारण त्याच्या खताच्या दुकानात प्रिंटर होता. लॅबवालेही खुशाल पाठवायचे. अनुसूयाबाईनंही तोच नंबर दिला. शहाण्या माणसानं कागद काढून मुकाट्यानं हातात द्यावा की नाही? यानं तिचा रिपोर्ट आधी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, वर 'काळजी घ्या' असं लिहून.

दुसऱ्या दिवशी वावरात तिच्यासाठी वेगळा गिलास आला. हा आजार पाण्यातून लागत नाही, असं डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. तिनं तेच बायकांना सांगितलं, पण गिलास वेगळाच राहिला. संध्याकाळी तो तिच्याबरोबरच घरी आला. पुढच्या वावरात टोळी तिला न सांगताच गेली. अनुसूयाबाई घरात बसून पोटभर रडली. मग तोंड धुतलं, लेकीच्या फोनमध्ये ग्रुपवरचा तो मजकूर घेतला आणि हिंगोलीची गाडी धरली.

आरोग्य कार्यालयातले साहेब भले होते. म्हणाले, "मावशी, तक्रार केली की चौकशी होईल. गावात बोभाटा होईल. विचार करा."

"बोभाटा तर झाला की, साहेब. माझं समद्यांला कळलं. आता कोनं केलं ते बी कळू द्या."

अर्जात तिनं विश्वंभरचं नाव घातलं, लॅबचंही सोडलं नाही.

नोटीस मिळाली तसा विश्वंभर तिच्या ओट्यावर येऊन बसला. "वहिनी, अर्ज मागं घ्या. मी तर चांगल्यासाठीच टाकलं व्हतं. अन् नोटिशीचं कोनाला सांगू नका, माझी इज्जत जाऊन राहिली."

अनुसूयाबाई आत गेली आणि वावरातला तोच गिलास भरून घेऊन आली.

"तुमचं कोनाला कळू नये, व्हय भाऊजी? बरं. आदी पानी तर प्या."

विश्वंभरनं गिलासाकडे पाहिलं. हात काही पुढे आला नाही.

"न्हाई ना? राहू द्या मग," असं म्हणत तिनं ते पाणी स्वतःच गटागटा पिऊन टाकलं. "अर्ज बी राहू द्या तिथंच."