माहेरवाशिणीची मुलाखत

हे आजवर कुणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही – आणि ह्यांना तर मी दूध उतू गेलं तरी सांगते.

तशी मी सुखात आहे, बरं का. इंग्लंडात लेस्टरला घर, मागे मेथी-कोथिंबिरीचा वाफा, मुलगा मार्गी लागलेला. पाठ टेकली की झोप लागते. मग हे आत्ताच कशाला उकरायचं? खरं सांगू – ते सुखच टोचतं कधीकधी.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मुलाच्या प्रायमरी शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळात मी पॅरेंट गव्हर्नर होते. पालकांनी मतं देऊन निवडलेली, म्हणजे केवढा तोरा! प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला चेअर, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, विचारायचे – आजच्या विषयात कुणाचे हितसंबंध आहेत का? असले तर सांगायचं आणि उठून बाहेर जायचं. नागपूरला बाबांना फोनवर मी हे किती कौतुकाने सांगितलं होतं.

तेव्हा टीचिंग असिस्टंटची एक जागा निघाली. मुलाखत घ्यायला शाळेचे हेडटीचर, चेअर आणि मी. अर्ज केलेल्यांत वैशाली – कोल्हापूरची पोर, नवऱ्यामागे इथे आलेली, आई तिकडे. तिचं डोहाळजेवण मी केलं, बाळंतपणात डिंकाचे लाडू मी दिले. माझं घर म्हणजे तिचं माहेरच. दुसरी होती मॉरीन. नवरा गेलेला, वर्षानुवर्षं शाळेत येऊन मुलांचं वाचन ऐकायची, बिनपगारी. तिला ही नोकरी किती हवी होती, ते सगळ्या शाळेला माहीत होतं.

चेअरनी विचारलं, उमेदवारांत कुणाच्या जवळचं कुणी आहे का? मी मान हलवली – नाही. रक्ताचं नातं नव्हतंच ना! पण माहेर काय रक्तानंच होतं?

एवढंच असतं तर... नाही, एवढंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी वैशाली आली होती, भीतीने अर्धी झालेली. भाकरी थापता थापता मी तिला मुलाखतीतला प्रश्नच सांगून टाकला – वर्गात अजिबात न बोलणारं मूल असेल तर काय कराल? उत्तरही सांगितलं. पाठ करून घेतलं. लेकीला माहेरून कुणी रिकाम्या हाताने पाठवतं का?

वैशालीने ते घडाघडा म्हटलं. मॉरीन एवढंच म्हणाली, आधी त्याच्या शेजारी बसेन, पुढचं बसल्यावर कळेल. मला ते उत्तर आवडलं – फार आवडलं. हेडचा कल वैशालीकडे, चेअरचा मॉरीनकडे. राहिलं माझं मत. ते मी वैशालीला दिलं.

वैशाली उत्तम निघाली. मुलं तिच्यावर जीव टाकतात, अजून तिथेच आहे. बघून बरं वाटतं मला, खोटं कशाला बोलू? पण मॉरीनही तितकीच उत्तम निघाली नसती का?

निकालानंतर ती मला शाळेच्या फाटकाशी भेटली. डोळे लाल होते. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, लव्ह. तू होतीस ना आत, म्हणजे न्यायानेच झालं असणार."

मी म्हटलं, "हो. न्यायानेच झालं."