साळवेबाईंचं डावं चाक

साळवेबाई गंजलेल्या बोल्टशी बोलायच्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुधाची पिशवी घेऊन वर निघालो होतो. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं झोपलेल्या गाडीच्या पोटाखालून कॅनव्हासच्या बुटांतले दोन पाय बाहेर आले होते आणि आतून आवाज येत होता, "घाबरू नको. जोर मी लावते, तू फक्त श्वास सोड. सोड म्हणते ना... हं, आत्ता कसा आलास." मग टण् करून काहीतरी फरशीवर पडलं. मी वाकून विचारलं, "कुणी अडकलंय का?"

"अडकला होता," आतून उत्तर आलं. "सुटला. फडके, आलाच आहेस तर टॉर्च धर. दूध नासत नाही इतक्यात."

दूध नासलं. पण त्या दिवसापासून टॉर्च माझ्याकडे आला तो आलाच.

साळवेबाई म्हणजे पालिकेच्या एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या फिजिओथेरपिस्ट. हाडं डॉक्टर जोडतात आणि नंतर त्या हाडांना चालायला लावतात त्या ह्या, अशी त्यांची स्वतःची व्याख्या. जगातल्या यच्चयावत माणसांना त्या अरे-तुरे करत. वॉचमनला, मला, बिल्डरला, एकदा नगरसेवकालाही. त्यामागे तत्त्व होतं. "खाटेवरच्या माणसाला अहो म्हटलं की तो पाय उचलत नाही. अरे म्हटलं की रागाने तरी उचलतो." (बाई आता साताऱ्याला असतात आणि तिथे खणखणीत आहेत. मी भूतकाळात लिहितोय तो आमच्या सोसायटीचा. ती पाडली.)

मुलुंडमध्ये डोंगराच्या दिशेने जाताना जिथे रिक्षावाले नाही म्हणायला लागतात, तिथे आमची सोसायटी होती. इमारती वर, फाटक खाली, मध्ये खडा उतार. गाडी बाईंच्या वडिलांची. एके काळी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ज्या गाड्या धावायच्या, त्याच जातीची, फक्त रंगाने दुधी. साळवेकाका साताऱ्याकडच्या खेड्यातून येऊन तार खात्यात लागले. गाडी त्यांनी जुनी घेतली, पण तिची अशी निगा राखली की नव्या गाडीवाल्यांना लाज वाटावी. डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर मूर्ती असे. त्या मूर्तीवर कधी धूळ पाहिलेली मला आठवत नाही.

आणि एका सकाळी ती गाडी उतारावर थांबली नाही. फाटकाच्या डाव्या खांबावर जाऊन आदळली. वॉचमनचं स्टूल चेपलं, वॉचमन चहाला गेला होता म्हणून वाचला. काका खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "मी ब्रेक दाबला होता." पण तोवर आमचे सेक्रेटरी केतकर तिथे पोचले होते. केतकरांचा स्वभाव असा, की घटना घडून संपायच्या आत त्यांचा निष्कर्ष तयार असतो. "वय झालं की होतं असं. भलतंच पेडल दाबलं जातं." हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचलं आणि तिथेच राहिलं. गाडी ढकलत वर आणली गेली, तिच्यावर ताडपत्री पडली आणि काकांनी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढे ते गेले. वाकलेला खांब मात्र तसाच होता. येता-जाता सगळ्यांना दिसायचा आणि बाईंना जरा जास्त दिसायचा.

मग पुनर्विकास ठरला. केतकरांची नोटीस लागली: "सदर नादुरुस्त वाहन इमारत रिक्त करण्याच्या दिनांकापूर्वी स्वसामर्थ्यावर परिसराबाहेर न गेल्यास त्याची विल्हेवाट लावण्यात येईल." केतकरांना साधी पाण्याची वेळ कळवायची असली तरी राज्याभिषेकाची भाषा लागते. बाईंनी नोटीस वाचली. "स्वसामर्थ्यावर ना? ठीक."

इंजिन आणि मागची चाकं मालाडच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने येऊन करून दिली. पुढची मोठी स्प्रिंगही त्यानेच शिकंज्यात दाबून काढली, कारण ती सुटली तर माणूस उरत नाही. पण पुढच्या चाकांच्या बाकी कशालाच बाईंनी त्याला हात लावू दिला नाही. ब्रेक आणि चाकाला गाडीशी जोडणारे सांधे त्या स्वतः करणार होत्या. "गाडीचा पुढचा भाग म्हणजे खुबा, गुडघा, घोटा. माझंच खातं आहे," त्या म्हणाल्या.

मध्येच एक जुन्या गाड्यांचे शौकीन गृहस्थ येऊन गेले. डोक्याला तिरकी टोपी, हातमोजे आणि स्वतःच्या आवाजाचं कौतुक. गाडीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मॅडम, रंग मारा, क्रोम चमकवा आणि मढला सिनेमाच्या शूटिंगला द्या. तिथे बंगल्यासमोर उभी करायची असते फक्त. ब्रेक कुणी बघत नाही."

"मग तुला गाडी नको, पोस्टर पाहिजे," बाई म्हणाल्या. "पलीकडे स्टेशनरीचं दुकान आहे."

गंज म्हणजे काय, हे मला त्या महिन्यात कळलं. पुस्तकात तो एक शब्द असतो. प्रत्यक्षात तो खपली असतो, भुगा असतो आणि कधी कधी नुसता गंजच असतो, आत लोखंड नसतंच. सुटे झालेले भाग बाईंनी तारेच्या ब्रशने घासले आणि मग पाण्याच्या निळ्या पिंपात धुण्याचा सोडा टाकून त्यात टांगले. बॅटरी चार्जरची एक वायर त्या भागाला, दुसरी पिंपात सोडलेल्या लोखंडी पट्टीला. थोड्या वेळाने पाण्यात बारीक बुडबुडे उठले, मग तपकिरी फेस आला. बाई पिंपावर वाकून पाहत होत्या. पहिल्यांदा रांगणाऱ्या मुलाकडे आजी पाहील तसा चेहरा.

"इस्पितळात असाच करंट द्यायचे मी. पेशंटला वाटायचं करंटने बरा झालो. करंट फक्त जागं करतो रे, काम स्नायूच करतो."

केतकर धावत आले. "हे काय चाललंय? स्फोट वगैरे?"

"उघड्यावर आहे, काही होत नाही. बिडी तेवढी लांब ओढ."

केतकर बिडी ओढत नाहीत. पण ते मागे सरले.

दुसऱ्या दिवशी पिंपातून निघालेला भाग पाण्याने धुतला, तेव्हा त्यावर कारखान्यात ठोकलेले आकडे दिसायला लागले. मी एरवी उड्या मारणारा माणूस नाही, पण त्या आकड्यांवरून बोट फिरवताना मला जिन्याने वर धावत जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मग त्यावर गंज रोखणारा रेड ऑक्साइड, मग काळा रंग, सांध्यांत नवे रबरी बुश, नवं ग्रीस. बाई सांधा हातात धरून फिरवायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. "हा बोलत नाही आता. चांगला सांधा बोलत नाही."

उजवं चाक मुकाट्याने उघडलं. डावं उघडेना.

ब्रेकचा ड्रम म्हणजे चाकामागचं ओतीव लोखंडाचं जाड भांडं. ते निघायला मधला मोठा नट सुटावा लागतो. बाईंनी जोर लावला. मी लावला, म्हणजे लावल्यासारखं केलं. पान्याला लांब पाइप जोडला. रविवार होता, त्यामुळे हळूहळू गर्दी झाली. तिसऱ्या मजल्यावरचा व्यायामशाळेत जाणारा मुलगा आला, त्याचे वडील आले, शेवटी केतकर आले. त्यांनी घड्याळ काढून वॉचमनकडे सोपवलं, बाह्या दुमडल्या आणि मोजायला सुरुवात केली. सगळे मिळून पाइपला लोंबकळले. आमच्या सोसायटीत एकमताने झालेलं हे बहुधा पहिलंच काम. नट तसूभर हलला नाही.

"वेल्ड झालाय हा," केतकर हाशहुश करत म्हणाले. "साळवे, नाद सोडा. उद्या क्रेन बोलावतो."

बाई चेपलेल्या त्या जुन्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचं लक्ष नटाकडे नव्हतं, स्वतःच्या पायांकडे होतं. दोन्ही पाय समोर पसरून त्या पंजे बाहेर वळवत होत्या, आत वळवत होत्या. मला वाटलं, थकल्या. मग त्या एकदम उठल्या.

"फडके, उजवा पाय बाहेर वळव."

मी वळवला.

"कुठल्या बाजूला गेला?"

"उजवीकडे."

"आता डावा बाहेर वळव."

"डावीकडे गेला."

"डावा पाय म्हणजे उजव्याचा आरसा. दोघांना एकाच दिशेला फिरवलं तर एक बाहेर जातो, एक आत. जन्मभर पेशंटना हेच सांगितलं आणि इथे विसरले. चाकंही तशीच फिरतात, म्हणून डाव्या नटाचे आटे उलटे. उलटं फिरवा."

"उलटं म्हणजे घट्ट होणार," केतकर म्हणाले.

"तासभर तुम्ही घट्टच करताय."

पाइप दुसऱ्या बाजूला घेतला. बाईंनी एकटीने हात ठेवला, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "हं, श्वास सोड," आणि कर्रर करत नट फिरला. वरच्या मजल्यांवरून टाळ्या वाजल्या. केतकरांनी घड्याळ परत मागून घेतलं.

ड्रम निघाला तेव्हा गर्दी पांगली होती. बाई, मी आणि केतकर, तिघंच उरलो होतो. आत ब्रेकच्या पट्ट्या जुन्या तेलाने काळ्या चिकट झाल्या होत्या. बाईंनी वरचा छोटा सिलिंडर सोडवला. पेडल दाबलं की तेल ह्याच्यात येतं आणि पट्ट्यांना ड्रमवर दाबतं. तेल बाहेर येऊ नये म्हणून आत बाटलीच्या टोपणाएवढी रबराची वाटी असते. बाईंनी ती चिमटीत धरून बाहेर काढली आणि टॉर्चखाली धरली. वाटीची कड एका बाजूला फाटून बाहेर उलटली होती.

बाईंनी बोटाने ती कड सरळ केली. ती पुन्हा उलटली.

"जुन्या गाडीत चारही चाकांचं तेल एकच," त्या मग म्हणाल्या. "एकीकडून गेलं की सगळीकडून गेलं. पेडल थेट तळाला."

"उभी राहून राहून सडलं असेल ते," केतकर म्हणाले.

"उभ्या गाडीत रबर वाळतं, केतकर. उलटत नाही. उलटायला मागून जोर लागतो. तो जोर पायाचा." त्यांनी वाटी रुमालात ठेवली. "म्हातारी माणसं इस्पितळात यायची. घरचे सांगायचे, पडली म्हणून हाड मोडलं. नीट बघितलं की कळायचं, हाड आधी मोडलं म्हणून पडली. आधी काय झालं ते बघावं लागतं."

केतकरांनी रुमालाकडे वाकून पाहिलं. पण पटल्याचं त्यांनी दाखवलं नाही. त्यांचं जुनं वाक्य इतकी वर्षं सोसायटीत राहून सभासद झालं होतं.

नवे सिलिंडर बसले, नव्या पट्ट्या बसल्या, साफ झालेले ड्रम चढले. मग ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. ह्याला दोन माणसं लागतात. मी ड्रायव्हरच्या जागेवर, बाई चाकाशी बाटली आणि पारदर्शक नळी घेऊन. "दाब. धर. धर म्हटलं ना. हं, सोड. परत." मी इस्पितळात न जाता त्यांचा पेशंट झालो. सुरुवातीला पेडल दह्यात पाय घातल्यासारखं खाली जायचं. मग एका वेळी ते अर्ध्यावर अडलं. पुढच्या वेळी त्याच्याही वर अडलं, दगडासारखं. पायाखाली गाडी जिवंत झाली. मी चक्क ओरडलो, "आला!" आणि चाकामागून बाईंचा आवाज आला, "पेडल सोड आधी, मग नाच."

दोन दिवस त्यांनी वरच्या सपाट जागेत गाडी पुढे-मागे केली आणि थांबवली. पुढे, थांब. मागे, थांब. झकास थांबायची.

घरं रिकामी करण्याचा दिवस आला. खाली फाटकापाशी केतकरांनी छोटा मांडव घातला होता, निरोपाचं भाषण ठरलं होतं. बाईंनी मला बोलावलं. "फडके, तू खाली जा. वाकलेल्या खांबाच्या बरोबर शेजारी, वाटेत उभा राहा."

"गाडी थांबली नाही तर?"

"म्हणून तर तुला उभा करतेय. रिकाम्या जागेसमोर कुणीही थांबेल."

मी उभा राहिलो. केतकर भाषणाचा कागद घेऊन माझ्याजवळ आले, वरून गाडी निघालेली पाहिली आणि शांतपणे खांबामागे गेले. दुधी गाडी उतारावर आली. तिचा वेग वाढला, मला वाटलं जरा जास्तच वाढला. बोनेट मोठं मोठं होत गेलं. काचेमागे बाईंचा चेहरा अगदी निवांत होता. मग पुढचं नाक किंचित वाकलं, गाडीने मान डोलावल्यासारखं केलं आणि बंपर माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. सरळ. ना डावीकडे ओढ, ना उजवीकडे.

बाईंनी काच खाली केली. "केतकर, खांबामागून काय दिसणार तुला? इकडे ये. परत दाखवते."

आणि गाडी मागे घेत त्या पुन्हा वर गेल्या. मांडवातले लोक उभे राहिले. केतकर खांबामागून बाहेर आले, कागद खिशात घातला आणि माझ्या शेजारी, वाटेत उभे राहिले. त्यांचा हात माझ्या दंडाला लागत होता. गाडी दुसऱ्यांदा उतरली, आधीपेक्षा जोरात, आणि तिथेच थांबली. त्याच वितीवर.

केतकरांनी बंपरकडे पाहिलं, मग खांबाकडे. "साळवेबाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बाई' मी पहिल्यांदाच ऐकलं. "काकांनी... त्यांनी ब्रेक दाबला होता."

एवढं बोलून ते तसेच ताठ उभे राहिले, श्वास छातीत धरून.

बाईंनी पहिला गिअर टाकला. आम्ही दोघं बाजूला झालो. फाटकातून बाहेर पडता पडता त्यांनी खिडकीतून हात काढून केतकरांच्या दंडावर थोपटलं.

"हं," त्या म्हणाल्या. "श्वास सोड, केतकर."