सात पानांची राखण

कोरियातल्या सुनचोन गावात एकतीस वर्षं घरोघरी पाण्याचे मीटर वाचून निवृत्त झालेल्या यांग देसोक यांचा विश्वास बसे तो फक्त आकड्यावर. सूप आज खारट झालंय असं बायको म्हणाली, तर ते विचारत, "नेहमीपेक्षा किती?" डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या म्हटलं की भरपूर म्हणजे किती मिलिलिटर, हे लिहून घेतल्याशिवाय ते खुर्चीवरून उठत नसत.

अशा माणसाला ऑर्किडचं वेड लागलं. नऊ वर्षांपूर्वी मागच्या टेकडीवर त्यांना एक रानटी रोप सापडलं. पानं गवतासारखी लांब, अरुंद, आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही कडांना पिवळी रेघ. दोन पानांची सात व्हायला नऊ वर्षं लागली. येत्या मार्चमध्ये ते ऑर्किड मंडळाच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच जायचं होतं. तिथले परीक्षक आधी पानांची टोकं बघतात आणि मग बाकीचं. म्हणून देसोक रोज सकाळी मंडळाचे अध्यक्ष होंग यांनी शिकवल्याप्रमाणे दुधात बुडवलेल्या मऊ फडक्याने एकेक पान बुडख्यापासून टोकापर्यंत पुसत. पानाला तेज येतं. संध्याकाळी पोलादी पट्टीने पानं मोजत आणि मीटरच्या जुन्या वहीत आकडे लिहीत.

घरात आणखी एक जीव होता. मुलगी मिरान लग्न होऊन बुसानला गेली त्या वर्षी ओकसिम, म्हणजे देसोकची बायको, मासळीबाजारातून मांजरीचं एक पिल्लू घेऊन आली. भाताच्या भांड्याच्या तळाला धरलेल्या खरपुडीसारखा पाठीचा रंग, म्हणून नाव पडलं नुरुंगजी, खरपुडी. दिवसभरात ओकसिम नवऱ्याशी जेवढं बोले, त्याच्या तिप्पट नुरुंगजीशी बोले. हाही आकडा देसोकनी एकदा मनातल्या मनात काढला होता.

डिसेंबरात पहिला चावा पडला.

"तिसरं पान," देसोक म्हणाले. "चार मिलिमीटर."

"मग तिला पट्टी देऊन ठेवा," ओकसिम मुळा चिरता चिरता म्हणाली. "पुढच्या वेळी मोजून खाईल."

देसोकनी कुंडीभोवती संत्र्याच्या साली पसरल्या. मांजरांना तो वास सोसत नाही, असं त्यांनी ऐकलं होतं. नुरुंगजीने साली पंजाने एकेक करून खाली ढकलल्या आणि पाचवं पान चावलं. मग कुंडी कपाटावर चढली. मांजरही चढली. मग कुंडीखाली चिकटपट्टी लावली, तिला देसोकचाच मोजा चिकटला. मंडळातल्या कुणी तरी सांगितलं, तिच्यासाठी वेगळं गवत लावा. देसोकनी परातीत ओट पेरले. दहा दिवसांत हिरवंगार गवत आलं आणि नुरुंगजी त्यात गाढ झोपली. शेवटी त्यांनी तिखटाचा डबा उघडला, तेव्हा मात्र ओकसिमने तो हातातून काढून घेतला.

"अहो, ती शेंगदाण्याएवढ्या नाकाची आहे. आणि तिखट माझ्या माहेरच्या मिरचीचं आहे."

प्रत्येक चाव्यानंतर देसोकचा जीव खालीवर होई. दुखावलेल्या पानाला जास्त जपायला हवं, म्हणून ते सकाळ-संध्याकाळ दोनदा पुसू लागले. आणि चावे वाढत गेले.

फेब्रुवारीत सातव्या पानाचं टोक गेलं. "हे बघ मिरानची आई," देसोक म्हणाले, "या घरात एक तर ऑर्किड राहील, नाही तर मांजर."

ओकसिम भांडली नाही. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने ग्वांगजूला धाकट्या बहिणीला, ओकरेला, फोन केला आणि येत्या रविवारी मांजर घेऊन जा म्हणून सांगितलं.

मधल्या तीन दिवसांत देसोक वांदोला गेले. थोरल्या भावाकडे समुद्रशेवाळ काढायचा हंगाम होता. जाताना सांगून गेले, "ऑर्किडला हात लावू नकोस. पाणी नको, फडकं नको, काही नको."

शनिवारी संध्याकाळी ते परतले आणि कोटही न काढता पट्टी घेऊन बसले. सातही पानं जशीच्या तशी होती. तीन दिवसांत एक मिलिमीटरही कमी नव्हता. मांजर घरातच होती, कुंडी उघड्यावर होती, राखायला कोणी नव्हतं.

मीटर वाचणाऱ्याला अशा वेळी काय बघायचं ते पाठ असतं. एकेक नळ बंद करायचा, आणि जो बंद केल्यावर काटा थांबला, गळती तिथे. या घरात तीन दिवस फक्त एकच नळ बंद होता, आणि तो वांदोला गेला होता.

त्यांनी पुसायचं फडकं नाकाशी नेलं. आंबूस, दुधकट वास अजून येत होता.

रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. बोललं नाही तर कोणाला कळणार होतं? उद्या मांजर जाईल, पानं वाचतील, दोष मांजरीचा राहील. समोर ओकसिम नुरुंगजीची वाटी धुऊन, पुसून पिशवीत ठेवत होती.

सकाळी ओकरे वेताची पेटी घेऊन आली. "दाजी, चला, तुमचा दरोडेखोर द्या इकडे."

ओकसिमने मांजर उचलली. देसोक वही हातात घेऊन दारात आडवे उभे राहिले.

"थांब, ओकरे. गळती माझ्याकडून आहे."

"कसली गळती?"

त्यांनी सगळे आकडे वाचून दाखवले. एकदा पुसलं तेव्हाचे चावे, दोनदा पुसलं तेव्हाचे चावे, अजिबात पुसलं नाही ते तीन दिवस. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. ओकरे हसून खालीच बसली. "म्हणजे दाजी, तुम्ही रोज दूध लावून ताट वाढलंत, आणि ती जेवली म्हणून तिला घराबाहेर काढत होतात."

ओकसिम हसली नाही. "अडीच महिने मी हिला ओरडते आहे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. एकदा तर हात उगारला होता."

"गळती माझ्याकडून आहे असं मी म्हणतोच आहे..."

"माझ्याकडे बघून कशाला म्हणता? हिला सांगा."

छत्तीस वर्षांच्या संसारात देसोकनी 'चुकलं' हा शब्द कधी उच्चारला नव्हता. कुणी मागितलाही नव्हता. त्यांनी एक गुडघा टेकला, मग दुसरा. नुरुंगजी ओकसिमच्या कुशीतून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ते बोलले मांजरीशी, पण नजर तिच्या डोक्यावरून थोडी वर गेली होती.

"माझं चुकलं. विचारायला हवं होतं, आधी. राहा इथेच."

ओकसिमने मांजर हळूच जमिनीवर सोडली.

"ऐकलं तिने," ती म्हणाली, आणि पिशवीतली वाटी काढायला आत गेली.